पिंजऱ्याबाहेरची झोप

मध्य आणि दक्षिण अमेरिकेच्या जंगलांत झाडांच्या शेंड्यांवर राहणारा स्लॉथ दिवसाचे सोळा तास झोपतो, असे पाठ्यपुस्तकांत, प्राणिसंग्रहालयांच्या फलकांवर आणि मुलांसाठीच्या ज्ञानकोशांत कित्येक वर्षे छापले जात होते. हा आकडा कुणाच्या कल्पनेतून आलेला नव्हता. १९८० च्या दशकात बंदिस्त जागेत ठेवलेल्या तीन बोटांच्या स्लॉथच्या मेंदूतील विद्युत्‌लहरी रीतसर नोंदवण्यात आल्या होत्या आणि त्यांवरून दिवसाला सरासरी १५.८५ तास झोप असे उत्तर निघाले होते. पुढे २००८ साली ‘बायॉलॉजी लेटर्स’ या नियतकालिकात एक छोटा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. पनामातील बारो कोलोरॅडो बेटावर, जंगलात मोकळ्या फिरणाऱ्या स्लॉथच्या तीन माद्यांच्या मेंदूलहरी त्यात पहिल्यांदाच मोजलेल्या होत्या, आणि तिथे उत्तर आले ९.६३ तास. एकाच कुळातला प्राणी, मोजण्याची पद्धतही मुळात तीच, आणि तरीही दोन आकड्यांत सहा तासांहून अधिक अंतर पडले होते.

या निबंधाचे पहिले लेखक नील्स रॅटनबोर्ग हे मूळचे अमेरिकी संशोधक. जर्मनीतील बव्हेरिया प्रांतात झेव्हीझेन येथे, माक्स प्लांक संस्थेत, पक्ष्यांच्या झोपेचा अभ्यास करणारा गट त्यांनी उभा केला. वन्य प्राण्यांची झोप हा स्वतंत्र अभ्यासविषय कसा झाला, हे समजून घ्यायचे तर त्यांच्या कामाचा माग काढणे हा मला सर्वांत सरळ मार्ग वाटतो. मात्र त्याआधी झोपेचा अभ्यास चार भिंतींच्या आत का अडकून पडला होता, हे पाहायला हवे.

झोपलेला प्राणी ओळखण्याची जुनी पद्धत बाहेरून पाहण्याची होती. फ्रेंच मानसशास्त्रज्ञ आंरी पिएरों यांनी १९१३ साली झोपेवर एक मोठा ग्रंथ लिहिला. विशिष्ट शरीरस्थिती, हालचालींचा अभाव, बाहेरच्या उद्दीपनाला मंदावलेला प्रतिसाद आणि तरीही चटकन जागे होण्याची क्षमता ही झोपेची लक्षणे त्या परंपरेतून पुढे रूढ झाली. १९२९ साली जर्मनीतील येना येथील हान्स बर्गर यांनी माणसाच्या मेंदूतील विद्युत्‌लहरींचा आलेख, म्हणजे ईईजी, प्रसिद्ध केला आणि झोपेला आतून पाहण्याची सोय झाली. शिकागो विद्यापीठात १९५३ साली युजीन अॅसरिन्स्की आणि नॅथनियल क्लाइटमन यांनी झोपेतच डोळ्यांची बुबुळे वेगाने हलतात असा एक टप्पा दाखवून दिला. त्यालाच आपण आज ‘रेम’ झोप म्हणतो. काही वर्षांतच फ्रान्समधील ल्याँ येथे मिशेल जूव्हे यांनी मांजरांवरील प्रयोगांतून दाखवले की या टप्प्यात मेंदू जागेपणासारखा चालतो, पण स्नायू मात्र पूर्ण सैल पडतात.

या शोधांमुळे झोपेची व्याख्या पक्की झाली, पण तिच्याबरोबर एक बंधनही आले. मेंदूच्या लहरी टिपायच्या तर डोक्यावर इलेक्ट्रोड हवेत, इलेक्ट्रोडपासून यंत्रापर्यंत वायर हवी, यंत्राला टेबल आणि वीज हवी. वायरच्या लांबीएवढेच प्राण्याचे जग उरले. त्यामुळे पुढची वीस-पंचवीस वर्षे ज्या ज्या प्राण्याची झोप मोजली गेली, त्याची ती बहुधा प्रयोगशाळेतली किंवा प्राणिसंग्रहालयातली झोप होती. १९७४ साली हॅरॉल्ड झेपेलिन आणि अॅलन रेक्टशाफन यांनी, आणि १९७६ साली ट्रुएट अॅलिसन व डॉमेनिक सिक्केटी यांनी, अशा नोंदी एकत्र करून सस्तन प्राण्यांची तुलना मांडली. अॅलिसन आणि सिक्केटी यांच्या विश्लेषणात ३९ जाती होत्या आणि ज्या प्राण्यांना शिकाऱ्यांचा धोका अधिक, त्यांच्यात रेम झोप कमी आढळते, असा त्यांचा एक महत्त्वाचा निष्कर्ष होता. प्रश्न अगदी योग्य होता. पण धोक्याचा झोपेवर काय परिणाम होतो हे जिथे तपासले जात होते, त्या पिंजऱ्यात धोकाच नव्हता. अन्न शोधायचे नव्हते, जोडीदारासाठी झगडायचे नव्हते, कळपाबरोबर चालायचे नव्हते. त्या काळच्या संशोधकांना हे कळत नव्हते असे मुळीच नाही. त्यांच्या हाती दुसरे साधन नव्हते, एवढेच.

झोपेशिवाय जगता येत नाही हे मात्र प्रयोगशाळेने निर्विवाद दाखवले होते. मारी द मानासेईन या रशियन संशोधिकेने १८९४ सालीच कुत्र्याच्या पिल्लांवरील प्रयोगांतून सतत जागवलेली पिल्ले काही दिवसांतच दगावतात, अशी नोंद केली होती. १९८० च्या दशकात रेक्टशाफन यांच्या प्रयोगशाळेत झोपू न दिलेले उंदीरही दोन-तीन आठवड्यांत मेले. हे प्रयोग वाचताना आजही अस्वस्थ व्हायला होते. परंतु झोप इतकी अटळ असेल, तर जे प्राणी थांबूच शकत नाहीत ते काय करतात, हा पुढचा प्रश्न त्यांतूनच धारदार झाला.

त्याचे पहिले ठोस उत्तर समुद्रातून आले. डॉल्फिनला श्वास घेण्यासाठी वारंवार पृष्ठभागावर यावे लागते आणि ती क्रिया आपल्यासारखी आपोआप चालत नाही. जॉन लिली यांनी १९६० च्या दशकात डॉल्फिन एका वेळी एकच डोळा मिटतात असे नोंदवले होते. १९७७ साली सोव्हिएत संशोधक लेव्ह मुखामेतोव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ईईजीच्या आधारे दाखवले की डॉल्फिनच्या मेंदूचा एक अर्धगोल गाढ झोपेच्या मंद लहरी दाखवत असताना दुसरा जागा असतो आणि काही वेळाने ही पाळी बदलते. झोप ही संपूर्ण मेंदूची एकसंध अवस्था असते, ही समजूत त्या दिवशी मोडली.

पक्ष्यांतही असेच काही घडत असावे, अशी शंका जुनी होती. चार्ल्स अॅमलेनर यांनी १९८० च्या सुमारास हेरिंग गल या कुरव पक्ष्यांच्या झोपेचा अभ्यास केला होता. रेडिओ ट्रान्समीटर लावून प्राण्यांचा माग काढण्याच्या तंत्रातले ते जाणकार होते. पुढे ते अमेरिकेतील इंडियाना स्टेट विद्यापीठात गेले आणि तिथे नील्स रॅटनबोर्ग त्यांचे विद्यार्थी झाले. शिकार आणि सावधपणा यांवर काम करणारे परिसरशास्त्रज्ञ स्टीव्हन लिमा हेही तिथेच होते. झोपेचे शरीरशास्त्र आणि भक्ष्याचे परिसरशास्त्र अशी दोन घराणी एका विद्यार्थ्याच्या कामात एकत्र आली. रॅटनबोर्ग यांच्या नंतरच्या सगळ्या कामाचा कल मला या एका योगायोगात दिसतो.

त्यांनी प्रयोगासाठी निवडली मॅलार्ड बदके. चार बदके एका रांगेत बसवायची, म्हणजे दोन मध्ये आणि दोन टोकांना, आणि झोपेत त्यांचे डोळे व मेंदूच्या लहरी नोंदवायच्या. आपल्या भाषेत ‘डोळा लागला’ म्हणजे झोप आली. बदकांच्या बाबतीत हा वाक्प्रचार अक्षरशः खरा ठरतो, कारण पक्ष्यांमध्ये दृष्टीचे मज्जातंतू जवळजवळ पूर्णपणे एकमेकांना छेदून विरुद्ध बाजूच्या अर्धगोलाकडे जातात. उजवा डोळा उघडा असेल तर डावा अर्धगोल जागा असतो आणि उजवा झोपलेला असू शकतो. १९९९ साली ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात टोकाच्या बदकांमध्ये अर्ध्या मेंदूने झोपण्याचे प्रमाण मधल्या बदकांपेक्षा १५० टक्क्यांनी वाढलेले आढळले. एवढेच नव्हे, तर टोकाच्या बदकाचा उघडा डोळा बहुतेक वेळा थव्याच्या बाहेरच्या, म्हणजे शिकारी जिथून येऊ शकेल त्या बाजूला रोखलेला असे. या अवस्थेतही धोक्याच्या दृश्याला ती चटकन प्रतिसाद देत. विद्यार्थ्याची लक्षणे सांगणाऱ्या जुन्या सुभाषितात ‘श्वाननिद्रा’ आहे. सावध झोप ही कल्पना आपल्याला नवी नाही. नवे होते ते हे की ही सावधता किती ठेवायची आणि कोणत्या बाजूला ठेवायची, हे प्राणी आपल्या जागेनुसार ठरवतो असे मोजून दाखवता आले.

यानंतर विस्कॉन्सिन विद्यापीठात रुथ बेन्का यांच्या सहकार्याने रॅटनबोर्ग स्थलांतराच्या प्रश्नाकडे वळले. पांढऱ्या मुकुटाची स्पॅरो हा लहानसा पक्षी अलास्का आणि दक्षिण कॅलिफोर्निया यांच्या दरम्यान दरवर्षी ये-जा करतो आणि उड्डाण रात्री करतो. एरवी हा पक्षी दिवसा जागा असतो. मग स्थलांतराच्या काळात तो झोपतो केव्हा? २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले की पिंजऱ्यात असूनही स्थलांतराचा ऋतू आला की या पक्ष्यांची झोप जवळजवळ दोन तृतीयांशाने घटते. याहून लक्षणीय गोष्ट अशी की या ऋतूत त्यांची शिकण्याची क्षमता ढासळत नाही. उलट इतर ऋतूंत एक रात्र जरी जागवले तरी ढासळते. म्हणजे झोपेची गरज त्याच पक्ष्यातही ऋतूप्रमाणे बदलते. आपल्याकडे हिवाळ्यात महाराष्ट्राच्या शेतांवर मोठ्या थव्यांनी उतरणारा काळ्या डोक्याचा भारीट हाही रात्री स्थलांतर करणारा पक्षी आहे. दिल्ली विद्यापीठातील विनोद कुमार आणि लखनौ विद्यापीठातील संगीता राणी यांच्या गटांनी याच भारिटावर आणि त्याच्या भाईबंदांवर दिवसाची लांबी, स्थलांतरपूर्व अस्वस्थता आणि शरीरातील घड्याळ यांचा दीर्घकाळ अभ्यास केला आहे.

तरीही स्पॅरो पिंजऱ्यातच होती. पुढची पायरी वायर तोडण्याची होती, आणि ती तोडली झुरिक विद्यापीठातील अलेक्सेई व्हिसोत्स्की यांनी. त्यांनी तयार केलेले ‘न्यूरोलॉगर’ हे यंत्र इतके लहान आणि हलके होते की पक्ष्याला ते डोक्यावर वागवता येई. मेंदूच्या लहरी त्यातल्याच स्मृतिकोशात साठत, त्यामुळे जवळपास संगणक किंवा अँटेना असण्याची गरज उरली नाही. त्यांनी ते आधी घरी परतणाऱ्या टपालकबुतरांवर वापरून उडत्या पक्ष्याच्या मेंदूच्या नोंदी मिळवल्या. हालचाल मोजणारा संवेदक त्याला जोडल्यावर प्राणी हलतो आहे की स्तब्ध आहे, हेही त्याच नोंदीत येऊ लागले. या विषयाचा इतिहास लिहिताना शोधांची नावे मोठ्या अक्षरांत येतात आणि यंत्र बनवणाऱ्याचे नाव सहलेखकांच्या यादीत मागे राहते. माझ्या मते व्हिसोत्स्की यांच्या त्या यंत्रावाचून पुढचे जवळजवळ काहीच घडले नसते.

बारो कोलोरॅडो हे बेटही या गोष्टीत महत्त्वाचे आहे. पनामा कालव्यासाठी चाग्रेस नदीवर धरण बांधल्यावर गातून जलाशयात पाणी चढले आणि एका टेकडीचा माथा बेट होऊन उरला. स्मिथसोनियन संस्थेच्या उष्णकटिबंधीय संशोधन केंद्राकडून तिथले जंगल अनेक दशके अभ्यासले गेले आहे, त्यामुळे झाडाझाडावर चढून स्लॉथ शोधण्याइतकी ओळख त्या जंगलाशी झालेली होती. ब्रायसन व्हॉइरिन हे तरुण क्षेत्रजीवशास्त्रज्ञ या कामात होते. स्लॉथला पकडायचे, डोक्यावर टोपीसारखे दिसणारे नोंदयंत्र बसवायचे, गळ्यात रेडिओपट्टा घालायचा, पुन्हा झाडावर सोडायचे आणि काही दिवसांनी परत शोधून काढायचे, असा हा क्रम होता. वन्य सस्तन प्राण्याच्या, त्याच्या स्वतःच्या जागी घेतलेल्या ईईजी नोंदींचे हे पहिले उदाहरण मानले जाते. बंदिस्त स्लॉथ जास्त का झोपतो, याची कारणे शोधायला फार लांब जावे लागत नाही: जंगलातल्या स्लॉथला पाने शोधत हिंडावे लागते, आणि तिथे ऑसेलॉटसारखे शिकारी असतात. बेटावर चष्मेवाल्या घुबडानेही स्लॉथ मारल्याची नोंद व्हॉइरिन आणि सहकाऱ्यांनी केली आहे. पुढे व्हॉइरिन यांनी हाच अभ्यास पनामाच्या किनाऱ्यापासून दूर असलेल्या एस्कुदो द व्हेराग्वास या बेटावरील खुज्या स्लॉथपर्यंत नेला, कारण त्या बेटावर स्लॉथची शिकार करणारे सस्तन प्राणी नाहीत. एकूण झोप दोन्हीकडे साधारण सारखीच निघाली. पण मुख्य भूमीवरचे स्लॉथ रात्री झोपणे अधिक पसंत करत होते आणि खुज्या स्लॉथमध्ये असा कल दिसला नाही. धोक्याचा परिणाम झोपेच्या प्रमाणावर व्हावा अशी अपेक्षा होती. तो झाला तिच्या वेळेवर. तुलनात्मक तक्त्यांत हे कधीच दिसले नसते, कारण त्यांत प्रत्येक जातीसाठी तासांचा एकच रकाना होता.

२०१२ साली ‘सायन्स’मध्ये आलेला अलास्कातील अभ्यास याहून वेगळ्या अर्थाने धक्का देणारा ठरला. जॉन लेस्कू, रॅटनबोर्ग, बार्ट केम्पेनार्स आणि सहकारी आर्क्टिक किनाऱ्यावरील बॅरो (आताचे उत्कियागविक) येथे पेक्टोरल सँडपायपर या तुतवार कुळातील पक्ष्यांचा अभ्यास करत होते. तिथे उन्हाळ्यात सूर्य मावळत नाही, आणि नराला पिल्लांची जबाबदारी नसते. त्याचे सारे यश विणीच्या मोजक्या तीनेक आठवड्यांत किती माद्यांशी जोडी जमते यावर ठरते. एक नर तर सलग १९ दिवस ९५ टक्क्यांहून अधिक वेळ जागा राहिला. अंड्यांतील डीएनए तपासून पितृत्व ठरवल्यावर दिसले की सर्वांत कमी झोपलेल्या नरांना सर्वाधिक संतती झाली. कमी झोप म्हणजे हानी, हे समीकरण प्रयोगशाळेतून आले होते. इथे नैसर्गिक निवडीने, निदान त्या तीन आठवड्यांपुरते, जागणाऱ्याच्या पारड्यात माप टाकलेले दिसत होते. हे सगळ्या नरांना जमत नव्हते, आणि का जमत नव्हते हा प्रश्न तेव्हापासून या क्षेत्रात कायम चर्चेत आहे.

रॅटनबोर्ग यांच्या कामातला सर्वांत गाजलेला टप्पा त्यानंतरचा आहे. पक्षी उडता उडता झोपतात का, हा प्रश्न शतकभर तरी पक्षिशास्त्रात घोळत होता. डॉल्फिन आणि बदके यांच्या अर्ध्या झोपेमुळे सर्वांनी जवळजवळ गृहीत धरले होते की उडणारा पक्षी एक अर्धगोल जागा ठेवून झोपत असणार. पण गृहीत धरणे आणि मोजणे यांत फरक असतो. मोजण्यासाठी त्यांनी निवडला ग्रेट फ्रिगेट पक्षी. दोन मीटरांहून अधिक पंखविस्तार असलेला हा समुद्री पक्षी समुद्रावर जगतो, पण त्याची पिसे पाण्याला टिकणारी नसल्याने पाण्यावर उतरून विसावा घेणे त्याला परवडत नाही. शिवाय तो अंगाने इतका मोठा आहे की यंत्राचे ओझे सहज पेलतो, आणि घरट्यात पिल्लू असेल तर मादी पुन्हा तिथेच येते, म्हणून यंत्र परत मिळते. गालापागोस द्वीपसमूहातील हेनोव्हेसा बेटावर अशा माद्यांच्या डोक्यावर दोन्ही अर्धगोलांच्या लहरी टिपणारे यंत्र आणि पाठीवर जीपीएस बसवण्यात आले. त्यांच्या फेऱ्या दहा-दहा दिवसांपर्यंत चालल्या आणि तीन हजार किलोमीटरपर्यंत पोचल्या.

२०१६ साली ‘नेचर कम्युनिकेशन्स’मध्ये जे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, त्यांत अपेक्षा खरी ठरली आणि त्याच वेळी अपुरीही ठरली. पक्षी उडताना झोपत होते. कधी ते एका अर्धगोलाने झोपत, आणि वर चढणाऱ्या हवेच्या प्रवाहात घिरट्या घेताना, ज्या दिशेला वळण असेल त्या बाजूच्या डोळ्याशी जोडलेला अर्धगोल जागा ठेवत, म्हणजे वाटेत येणारे दुसरे पक्षी दिसावेत. पण कधी दोन्ही अर्धगोल एकदम झोपत आणि तरीही पंखांवरचा ताबा सुटत नसे. रेम झोपेचे काही क्षणही सापडले, ज्यांत मान किंचित खाली येई, पण उड्डाण बिघडत नसे. खरा आश्चर्याचा भाग होता झोपेच्या प्रमाणाचा. उड्डाणाच्या दिवसांत ही झोप सरासरी ०.६९ तास, म्हणजे जेमतेम ४२ मिनिटे होती. त्याच पक्ष्यांच्या जमिनीवरील झोपेच्या ती केवळ ७.४ टक्के. अर्ध्या मेंदूने झोपण्याची युक्ती हाताशी असूनही ते ती पोटभर वापरत नव्हते. याचा अर्थ संशोधकांनी असा लावला की समुद्रावर माशांचे थवे आणि हवेचे प्रवाह शोधण्यासाठी लागणारे लक्ष अर्ध्या मेंदूने भागत नाही. त्याच वर्षी आंरी वायमर्सकिर्च आणि सहकाऱ्यांनी हिंदी महासागरातील युरोपा बेटावरील याच जातीची तरुण पाखरे दोन दोन महिने हवेत राहू शकतात, हे दाखवले होते. मोसमी वादळांत भरकटलेले फ्रिगेट पक्षी अधूनमधून मुंबई आणि कोकणच्या किनाऱ्यावर येतात. त्यांतले बहुतेक आकाराने लहान असलेल्या दुसऱ्या जातीचे असतात, पण थकून किनाऱ्यावर पडलेला असा पक्षी पाहिला की ही ४२ मिनिटे मला आठवतात.

वाट मोकळी झाल्यावर इतर अनेकजण तिच्यावरून चालू लागले. २०१७ साली दक्षिण आफ्रिकेतील विटवॉटर्सरँड विद्यापीठाच्या नदीन ग्रॅव्हेट आणि पॉल मँगर यांच्या गटाने बोत्स्वानातील चोबे राष्ट्रीय उद्यानातल्या दोन हत्तिणींच्या सोंडेत हालचाल मोजणारी लहान यंत्रे बसवली. सोंड सलग पाच मिनिटे स्तब्ध असेल तर झोप, असा निकष त्यांनी धरला. ३५ दिवसांच्या नोंदींत सरासरी झोप दिवसाला दोन तास निघाली आणि काही वेळा हत्तिणी ४६ तासांपर्यंत अजिबात झोपल्या नाहीत. आडव्या पडून त्या झोपत त्या तीन-चार दिवसांतून एकदा. मात्र इथे मेंदूच्या लहरी नव्हत्या, केवळ सोंडेची स्तब्धता होती, त्यामुळे स्लॉथच्या आकड्याइतका हा आकडा पक्का मानता येत नाही. केन्यातील म्पाला संशोधन केंद्राजवळील बबून माकडांच्या गळपट्ट्यातील यंत्रांवरून कार्टर लॉफ्टस आणि सहकाऱ्यांनी २०२२ साली दाखवले की अनोळखी झाडांवर रात्र काढावी लागली किंवा आजूबाजूला टोळीतले सोबती जास्त असले की बबून कमी झोपतात, आणि आदल्या रात्रीची तूट दुसऱ्या रात्री भरून काढतातच असे नाही. झोपेची उधारी फेडावीच लागते, हा प्रयोगशाळेचा जवळजवळ नियमच होता.

मेंदूच्या लहरी थेट मोजणारे दोन मोठे अभ्यास २०२३ साली ‘सायन्स’मध्ये आले. कॅलिफोर्नियातील जेसिका केंडल-बार आणि सहकाऱ्यांनी उत्तरेकडील एलिफंट सील समुद्रात कसे झोपतात ते टिपले. हे सील श्वास रोखून खोल बुडी मारतात, शार्क आणि किलर व्हेल यांचा वावर जिथे अधिक त्या वरच्या थरांपासून दूर जातात, तिथे झोपतात, आणि रेम झोप लागली की स्नायू सैल पडून उताणे होऊन झाडावरून गळालेल्या पानासारखे गोल गोल खाली जातात. सात महिन्यांच्या सागरी प्रवासात त्यांची झोप दिवसाला जेमतेम दोन तासांची असते. किनाऱ्यावर मात्र ते दहा-अकरा तास झोपतात. दुसरा अभ्यास अंटार्क्टिकाजवळील किंग जॉर्ज बेटावरचा. ल्याँ येथील पॉल-आंत्वान लिबूरेल आणि कोरियाच्या ध्रुवीय संशोधन संस्थेतील वॉन यंग ली यांनी घरटी राखणाऱ्या १४ चिनस्ट्रॅप पेंग्विनांच्या नोंदी घेतल्या. हे पेंग्विन दिवसाला दहा हजारांहून अधिक डुलक्या घेतात, प्रत्येकी सरासरी चार सेकंदांची, आणि त्यांची बेरीज ११ तासांहून अधिक होते. आपण जिला गाडी चालवताना लागलेली धोकादायक डुलकी म्हणू, तीच इथे झोपेची रीत आहे, आणि या पक्ष्यांची पिल्ले वाढतही होती. अंडी पळवणाऱ्या स्कुआ पक्ष्यांचा धोका कडेच्या घरट्यांना जास्त असतो, म्हणून वसाहतीच्या कडेचे पेंग्विन बदकांसारखे अधिक सावध झोपतील अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात कडेचे पेंग्विन मधल्यांपेक्षा बरे झोपले, कारण मध्यभागी शेजाऱ्यांची भांडणे आणि ये-जा अधिक होती. १९९९ च्या बदकांवरून सर्व थव्यांसाठी नियम बांधता येणार नाही, हे त्यातून दिसले.

या सगळ्या कामावर एक न्याय्य आक्षेप घेतला जातो. प्राण्याला पकडणे, बऱ्याचदा शस्त्रक्रियेने इलेक्ट्रोड बसवणे, यंत्राचे वजन त्याच्यावर लादणे, यांमुळे त्याची झोप बदलत नसेल कशावरून? संशोधकही हे नाकारत नाहीत. म्हणूनच यंत्र न लावलेल्या प्राण्यांच्या वागण्याशी तुलना केली जाते, सुरुवातीच्या काही तासांच्या नोंदी अनेकदा बाजूला ठेवल्या जातात, आणि नमुना लहान ठेवला जातो. तीन स्लॉथ, दोन हत्तिणी, चौदा पेंग्विन, हे आकडे वाचताना ही मर्यादा ध्यानात ठेवावी लागते. तरीही बंदिस्त प्राण्याला हे सगळे आणि वर पिंजराही सोसावा लागत होता, याचा विसर पडू नये.

उडत्या झोपेचा प्रश्न ज्या पक्ष्यामुळे मुळात उभा राहिला, तो आहे पाकोळी. स्वित्झर्लंडमधील एमिल वाइटनाउअर यांनी १९५० च्या दशकात रात्रीच्या आकाशात विमानाने युरोपीय पाकोळ्यांचा पाठलाग करून त्या रात्र हवेतच काढतात, हे पाहिले होते. पुढे फेलिक्स लीख्टी यांच्या गटाने २०१३ साली आल्पाइन पाकोळी सलग २०० दिवस हवेत राहते, आणि स्वीडनमधील लुंड विद्यापीठाच्या आंदेर्स हेडेनस्त्रोम यांच्या गटाने २०१६ साली युरोपीय पाकोळी वर्षाचे दहा महिने जवळजवळ न उतरता उडते, हे हालचाल टिपणाऱ्या चिमुकल्या यंत्रांनी दाखवले. आपल्याकडच्या जुन्या वाड्यांच्या आणि पुलांच्या छतांना पिसांची-गवताची घरटी करणाऱ्या लहान पाकोळ्या रात्री घरट्यात परततात. ही गोष्ट त्यांची नाही. युरोपीय पाकोळीचे वजन सुमारे ४० ग्रॅम असते. फ्रिगेट पक्ष्याने डोक्यावर वागवलेले यंत्र तिला पेलणारे नाही, आणि तिच्या मेंदूच्या लहरी उड्डाणात टिपण्याइतके हलके यंत्र तयार करण्याचे काम चालू आहे.